तोलाचे मापन आणि भवितव्याचे भाकित : पक्षाघात-पुनर्वसनातील एका पद्धतीची चिकित्सा

पक्षाघाताच्या रुग्णाच्या जिवावरचे संकट टळले, अशी खात्री पटताच त्याच्या घरच्या माणसांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की हा माणूस पुन्हा आपल्या पायांनी चालू लागेल काय? या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. रुग्णाला घरी न्यावयाचे की पुनर्वसन-केंद्रात ठेवावयाचे, घरातील कर्त्या माणसाने नोकरीवर परत जावयाचे की नाही, उपचारासाठी किती पैसा उभा करावयाचा, हे सारे त्या एका उत्तराच्या अनुरोधाने ठरत असते. म्हणून हे उत्तर शक्य तितक्या लौकर आणि शक्य तितक्या नेमकेपणाने देता यावे, असा प्रयत्न या शास्त्राच्या अभ्यासकांनी करावा, हे स्वाभाविकच आहे. या प्रयत्नात शरीराच्या तोलाची परीक्षा हे साधन विशेष मान्यता पावले आहे. रुग्ण बसू शकतो काय, उभा राहू शकतो काय, वळू शकतो काय, हे पाहून त्याला गुण द्यावयाचे आणि त्या गुणांवरून त्याचे भवितव्य सांगावयाचे, अशी ही पद्धती होय. तिच्या पाठीशी कोणते सत्य आहे आणि त्या सत्याच्या नावावर कोणत्या भ्रामक समजुती खपून जातात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

प्रथम साधनाचा परिचय करून घेऊ. या क्षेत्रात सर्वांत अधिक वापरली जाणारी श्रेणी म्हणजे बर्ग समतोल-श्रेणी. कॅथरीन बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात ती तयार केली आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत एकंदर १४ कृती आहेत. खुर्चीवरून उठणे, आधाराशिवाय दोन मिनिटे उभे राहणे, आधाराशिवाय दोन मिनिटे बसणे, पुन्हा खाली बसणे, एका आसनावरून दुसऱ्या आसनावर जाणे, डोळे मिटून उभे राहणे, पाय जुळवून उभे राहणे, हात पुढे लांबविणे, जमिनीवरची वस्तू उचलणे, मागे वळून पाहणे, स्वतःभोवती पूर्ण फेरी घेणे, पायरीवर आळीपाळीने पाय ठेवणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहणे आणि अखेरीस एका पायावर उभे राहणे, अशा त्या कृती होत. प्रत्येक कृतीला शून्य ते चार गुण असतात. म्हणजे पूर्ण गुण ५६. साधनसामग्री म्हणाल तर खुर्ची, एक पायरी, मोजपट्टी आणि घड्याळ एवढीच. वीस मिनिटांत परीक्षा आटोपते. दोन परीक्षकांच्या गुणांत फारसे अंतर पडत नाही. इतके गुण एकत्र आल्यावर ही श्रेणी जगभर पसरली, यात नवल नाही.

परंतु येथे एका गोष्टीचे विस्मरण होऊ देता कामा नये. १९८९ च्या त्या लेखाच्या शीर्षकातच वृद्धांच्या तोलाचे मापन असे स्पष्ट म्हटले आहे. या श्रेणीचा जन्म वयोवृद्धांच्या तोलाची आजची स्थिती मोजण्यासाठी झाला. पक्षाघाताच्या रुग्णाचे उद्याचे भवितव्य सांगण्यासाठी नव्हे. आजची स्थिती मोजणे आणि उद्याची स्थिती सांगणे ही दोन कार्ये भिन्न आहेत. पहिल्यासाठी साधन विश्वसनीय असले की पुष्कळ झाले. दुसऱ्यासाठी विश्वसनीयता ही केवळ पहिली पायरी होय. वजनकाटा अचूक असला म्हणून त्यावरून मुलाची प्रौढपणीची उंची सांगता येत नाही, हे कोणीही मान्य करील. तथापि तोलाच्या बाबतीत हा विवेक कित्येकदा सुटतो, आणि मापनाची विश्वसनीयता हीच भाकिताची ग्वाही मानली जाते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ४५ हा आकडा. बर्ग श्रेणीत ४५ पेक्षा कमी गुण मिळविणाऱ्या वृद्धास पडण्याचा धोका अधिक, अशी एक मर्यादा रूढ झाली. वृद्धांच्या बाबतीतही ती पुढे टिकली नाही. १९९६ मध्ये बोगल थोर्बान आणि न्यूटन यांनी केलेल्या परीक्षेत, पडणाऱ्या व्यक्तींपैकी जेमतेम निम्म्याच या मर्यादेने ओळखू आल्या. पक्षाघात होऊन बराच काळ लोटलेल्या आणि घरी राहणाऱ्या ९९ व्यक्तींचा अभ्यास हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही पडणारे आणि न पडणारे यांना बर्ग श्रेणीचे गुण वेगळे करू शकले नाहीत. असे असूनही ४५ चा आकडा पाठ्यपुस्तकांतून आणि टिपणांतून पक्षाघाताच्या रुग्णांनाही सरसकट लावला जातो. एका समूहासाठी, एका हेतूने सुचविलेली संख्या दुसऱ्या समूहाला, दुसऱ्या हेतूने लावणे हा शास्त्रीय व्यवहार नव्हे.

२

आता गुणांच्या स्वरूपाकडे वळू. मापनश्रेणींच्या प्रकारांविषयी एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये जो भेद सांगितला, तो मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. काही श्रेणी केवळ क्रम दाखवितात, तर काहींत दोन अंकांमधील अंतर सर्वत्र सारखे असते. बर्ग श्रेणी पहिल्या प्रकारची आहे. एखाद्या कृतीत दोनावरून तीनावर जाणे आणि तीनावरून चारावर जाणे, ही अंतरे सारखी आहेत असे मानण्यास काहीही आधार नाही. मग आधाराशिवाय बसण्याचा एक गुण आणि एका पायावर उभे राहण्याचा एक गुण यांची बेरीज करून जी संख्या येते, तिचा अर्थ काय लावावयाचा? दोन रुग्णांना प्रत्येकी २८ गुण मिळाले असतील. एकाने सोप्या सात कृती पूर्णपणे केल्या आणि उरलेल्या सात त्याला मुळीच जमल्या नाहीत. दुसऱ्याने चौदाही कृती अर्ध्याच, कोणाच्या तरी देखरेखीखाली पार पाडल्या. बेरीज एकच, परंतु पहिल्याची अडचण बळाची असेल, दुसऱ्याची धैर्याची किंवा अवधानाची. बेरजेने हा भेद पुसून टाकला, आणि भाकिताला नेमका तोच भेद हवा होता.

दुसरी अडचण मर्यादांची. पक्षाघातानंतर पहिल्या पंधरवड्यात पुष्कळ रुग्ण श्रेणीच्या तळाशी गोळा होतात. कित्येकांना जवळजवळ शून्यच गुण मिळतात. उलट काही महिन्यांनी बरे झालेले रुग्ण माथ्याशी गोळा होतात. दोन्ही टोकांना श्रेणी आंधळी होते. तैवानमध्ये माओ आणि सहकाऱ्यांनी १२३ रुग्णांना पक्षाघातानंतर १४, ३०, ९० आणि १८० व्या दिवशी तपासून तीन श्रेणींची तुलना केली, आणि ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बर्ग श्रेणी आणि फुगल-मायर परीक्षेचा समतोल-विभाग यांचा हा दोष स्पष्ट दिसून आला. पक्षाघातासाठीच मुद्दाम रचलेल्या तिसऱ्या श्रेणीचे वर्तन त्या मानाने अधिक समाधानकारक ठरले. ही तिसरी श्रेणी म्हणजे बेनाइम, पेरेनू आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये १९९९ साली प्रसिद्ध केलेली शरीरस्थिती-मूल्यमापन श्रेणी होय. तीत १२ कृती आणि ३६ गुण असून बिछान्यात कुशीवर वळणे, आडवे असताना उठून बसणे अशा अगदी प्राथमिक हालचालींचाही समावेश आहे. ज्या रुग्णाला उभेही राहता येत नाही, त्याच्याविषयीही ही श्रेणी काही बोलू शकते. आणि भाकिताची गरज अशाच रुग्णाला अधिक असते.

३

याहून गंभीर आक्षेप तर्कशास्त्राचा आहे. तोलाच्या गुणांवरून रुग्णाचे स्वावलंबन सांगता येते, असे दाखविणाऱ्या अभ्यासांत स्वावलंबन मोजण्यासाठी बहुधा बार्थेल निर्देशांक वापरलेला असतो. महोनी आणि बार्थेल यांनी तो १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या १०० गुणांपैकी खाटेवरून खुर्चीवर जाण्यास १५, चालण्यास १५ आणि जिना चढण्यास १० असे ४० गुण हालचालीलाच दिलेले आहेत. इकडे बर्ग श्रेणीतही एका आसनावरून दुसऱ्या आसनावर जाणे ही एक कृती आहेच. उठणे आणि बसणे याही आहेत. म्हणजे ज्या गोष्टीवरून भाकित करावयाचे आणि ज्या गोष्टीचे भाकित करावयाचे, त्या दोहोंत एकच मजकूर अंशतः दोन वेळा लिहिलेला आहे. असा सहसंबंध उंच आला तर त्याला शोध म्हणावे की पुनरुक्ती, याचा विचार अभ्यासकाने अवश्य करावा. बार्थेलमधील हालचालीचे घटक वगळून, स्नान, भोजन, वस्त्र परिधान करणे यांच्याशीच तोलाचा संबंध तपासला तर तो किती उरतो, हे पाहणे ही खरी कसोटी होईल.

सहसंबंधाच्या आकड्यांविषयीही एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. उपर्युक्त फ्रेंच अभ्यासात ७० रुग्ण होते. त्यांचे तिसाव्या दिवशीचे गुण आणि नव्वदाव्या दिवशीचे कार्यात्मक स्वावलंबन यांमधील सहसंबंध-गुणक ०·७५ इतका आला. हा गुणक उत्तम होय, यात संशय नाही. परंतु त्याचा वर्ग केला तर तो ०·५६ भरतो. म्हणजे रुग्णारुग्णांतील फरकापैकी ५६ टक्के भागाचा उलगडा झाला आणि ४४ टक्के भाग अज्ञातच राहिला. समूहाविषयी बोलताना हा गुणक भक्कम आहे. परंतु खाटेवरच्या एका रुग्णाविषयी बोलताना तो तितका भक्कम राहत नाही. समूहाचे सत्य आणि व्यक्तीचे सत्य यांची गल्लत करणे, हा या विषयातील सर्वांत अधिक आढळणारा दोष आहे.

याच संदर्भात आणखी एका सापळ्याचा उल्लेख करणे प्राप्त आहे. काही अभ्यासक सुरुवातीच्या गुणांचा संबंध अखेरच्या गुणांशी न जोडता मिळविलेल्या सुधारणेशी जोडतात. आता अशी कल्पना करू, की एका वॉर्डातील सर्व रुग्ण अखेरीस पूर्ण ५६ गुणांपर्यंत पोचले. मग प्रत्येकाची सुधारणा म्हणजे ५६ वजा त्याचे सुरुवातीचे गुण. या दोहोंतील सहसंबंध उणे एक, म्हणजे परिपूर्ण येईल! वस्तुतः या वॉर्डात भाकित करण्यासारखे काहीच नव्हते, कारण सर्वांचे फलित एकच होते. संख्या परिपूर्ण आणि ज्ञान शून्य, असा हा प्रकार होय. हाताच्या शक्तीविषयी २००८ मध्ये प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी मांडलेला, गमावलेल्या शक्तीपैकी सुमारे ७० टक्के शक्ती बहुतेक रुग्ण परत मिळवितात हा नियम पुढे फार गाजला. त्या नियमाच्या पुष्ट्यर्थ दिल्या जाणाऱ्या आकड्यांत हाच सापळा दडलेला आहे, असे होप आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये गणिताने दाखवून दिले. तोलाच्या अभ्यासकांनी या वादापासून धडा घेतला पाहिजे.

काळाचा भागही विसरून चालणार नाही. क्वाक्केल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असे दाखविले, की पहिल्या सहा ते दहा आठवड्यांत होणाऱ्या सुधारणेपैकी १६ ते ४२ टक्के भागाचा उलगडा केवळ काळ पुढे गेला यानेच होतो. म्हणून एकाची परीक्षा पाचव्या दिवशी, दुसऱ्याची पंचविसाव्या दिवशी आणि दोघांचीही नोंद ‘दाखल होतानाचे गुण’ या एकाच मथळ्याखाली, असा प्रकार जेथे होतो, तेथे तोल मोजला जात नसून रुग्णालयात येण्यास झालेला विलंब मोजला जातो, असेच म्हणावे लागेल.

४

इतके आक्षेप घेतल्यावर वाचकाचा असा ग्रह होण्याचा संभव आहे, की ही पद्धतीच टाकाऊ आहे. तसे मुळीच नाही. ज्या अभ्यासांनी वरील दोष टाळले, त्यांतून निघालेली फलिते खरोखरच मोलाची आहेत. त्यांत नेदरलँड्समधील वीरबेक, क्वाक्केल आणि सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास प्रथम आठवतो. प्रथमच मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन पक्षाघात झालेले आणि चालू न शकणारे १५४ रुग्ण त्यांनी निवडले. परीक्षेचा काळ निश्चित केला : ७२ तासांच्या आत, पाचव्या दिवशी आणि नवव्या दिवशी. फलितही निश्चित केले : सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या मदतीशिवाय सपाट जमिनीवर चालता येणे. आणि पुष्कळ घटक तपासून अखेरीस दोनच साध्या गोष्टी हाती ठेवल्या. रुग्ण आधाराशिवाय तीस सेकंद बसू शकतो काय? बाधित पायाच्या स्नायूंचे आकुंचन डोळ्यांना दिसते काय? ७२ तासांच्या आत ज्यांच्या बाबतीत दोन्ही उत्तरे होकारार्थी आली, ते सहा महिन्यांत स्वतंत्रपणे चालू लागण्याची संभाव्यता ९८ टक्के निघाली.

हा ९८ चा आकडा सर्वत्र उद्धृत केला जातो. परंतु त्या अभ्यासातील दुसरे दोन आकडे अधिक विचारप्रवर्तक आहेत. ७२ तासांच्या आत ज्यांना दोन्ही गोष्टी जमल्या नाहीत, त्यांच्यातही २७ टक्के संभाव्यता शिल्लक होती; आणि नवव्या दिवशीही दोन्ही जमल्या नाहीत, तर ती १० टक्क्यांवर आली. याचा अर्थ असा, की होकारार्थी भाकित तिसऱ्या दिवशीच जवळजवळ निश्चित असते. नकारार्थी भाकित मात्र तेवढे निश्चित नसते आणि ते होण्यासाठी थांबावे लागते. शुभवार्ता लौकर सांगता येते, अशुभ वार्ता सांगण्याची घाई करता येत नाही. एकदाच परीक्षा घेऊन निकाल देण्यापेक्षा पुनःपुन्हा परीक्षा घेण्यात ज्ञान आहे, हे या अभ्यासाचे खरे शिक्षण आहे. याच प्रतिमानाची अन्य रुग्णसमूहावर पारख करणारे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्याची कामगिरी बऱ्यापैकी ठरली, आणि प्रतिमानात दुरुस्ती केल्यावर ती सुधारली. जन्मभूमीबाहेर गेल्यावर भाकिताची धार थोडी बोथट होते, हा या शास्त्रातील सर्वसाधारण अनुभव येथेही आलाच.

दुसरा उल्लेखनीय प्रयत्न न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील स्मिथ, बार्बर आणि स्टीनियर यांचा. ‘चालेल काय’ याबरोबरच ‘केव्हा चालेल’ हाही प्रश्न त्यांनी विचारला, हे त्यांचे वैशिष्ट्य. २०१७ मध्ये ४१ रुग्णांच्या आधारे त्यांनी असा नियम बसविला : एका आठवड्यानंतर धड-नियंत्रण परीक्षेत १०० पैकी ४० हून अधिक गुण असतील, तर रुग्ण सहा आठवड्यांत स्वतंत्रपणे चालेल, ते नसून मांडी मागे नेणाऱ्या स्नायूंत गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल करण्याइतकी ताकद असेल, तर बारा आठवड्यांत चालेल, दोन्ही नसतील, तर बारा आठवड्यांनीही तो परावलंबी राहील. हा नियम ९५ टक्के रुग्णांच्या बाबतीत बरोबर ठरला. मात्र ४१ रुग्णांपैकी ९५ टक्के म्हणजे ३९. इतक्या लहान नमुन्यावरून काढलेल्या प्रमाणाची विश्वास-मर्यादा सुमारे ८३ पासून ९९ टक्क्यांपर्यंत पसरते. आणि ज्या रुग्णांवरून नियम बसविला त्यांच्यावरच तो तपासला, ही गोष्ट निराळीच.

पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, याच संशोधकांनी ९३ रुग्णांच्या आधारे नवीन साधन प्रसिद्ध केले. त्यात घटक तीन : वय ८० च्या आत आहे काय, गुडघा ताठ करणाऱ्या स्नायूंत गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल करण्याइतकी ताकद आहे काय, आणि बर्ग श्रेणीचे गुण सहाहून कमी, सहा ते पंधरा, की सोळा अथवा अधिक आहेत. यावरून ४, ६, ९, १६ आणि २६ आठवड्यांनी रुग्ण चालेल काय हे सांगता येते, आणि प्रत्येक टप्प्यावर अचूकता किमान ८३ टक्के आहे. येथे चिकित्सक वाचकाने क्षणभर थांबावे. पहिल्या नियमातील धड-नियंत्रण परीक्षा गेली, तिच्या जागी बर्ग श्रेणी आली. मांडीचे स्नायू गेले, गुडघ्याचे आले. वय नव्याने आले. दोन्ही साधने एकाच गटाची, एकाच नगरातील. तरीही घटक बदलले. यावरून त्या संशोधकांना दोष देणे अन्यायाचे होईल. उलट आपलाच पूर्वीचा नियम मोठ्या नमुन्यावर तपासून बदलण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी दाखविला, याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. जे टिकले ते विशिष्ट परीक्षेचे नाव नव्हे, तर तिच्यामागची कल्पना : धडाचा तोल आणि पाय ताठ धरण्याची शक्ती ही दोन एकत्र आली की चालणे येते. श्रेणी म्हणजे त्या कल्पनेचे तात्पुरते वस्त्र होय.

दुसरी लक्षणीय गोष्ट अशी, की या साधनातील निर्णायक संख्या ६ आणि १६ आहेत, ४५ नाही. पहिल्या आठवड्यात भाकिताला उपयोगी पडतो तो श्रेणीचा खालचा, जेमतेम चतुर्थांश भाग. परंतु तेथेच मापनही डळमळीत असते. पुनर्वसनासाठी दाखल झालेल्या ४८ रुग्णांवरून स्टीव्हन्सन यांनी २००१ मध्ये असे दाखविले, की बर्ग श्रेणीत किमान सहा गुणांचा फरक पडल्याखेरीज खरा बदल झाला असे ९० टक्के विश्वासाने म्हणता येत नाही. हा हिशेब दोन मोजण्यांमधील फरकाचा आहे. एका मोजणीपुरती ही अनिश्चितता सुमारे चार गुणांची भरते. तेव्हा १४ गुण मिळविणारा आणि १७ गुण मिळविणारा असे दोन रुग्ण भाकिताच्या तक्त्यात निरनिराळ्या रकान्यांत पडले, तरी वस्तुतः ते एकाच जागी उभे असण्याचा पुष्कळ संभव आहे.

५

तोल हा भाकितास उपयोगी पडतो तो कशामुळे, याचाही थोडा विचार केला पाहिजे. कारण उपयोगाचे कारण समजले म्हणजे मर्यादेचेही कारण समजते. तोल हे एखाद्या इंद्रियाचे कार्य नाही. डोळे, अंतःकर्णातील संतुलनेंद्रिय, सांधे आणि स्नायू यांतून येणारी संवेदना, उभी रेषा कोणती याची मेंदूला असलेली जाण, अवधान आणि स्नायूंची शक्ती या सर्वांचे ते एकत्रित फलित आहे. म्हणून तोल शाबूत असेल, तर या साऱ्या गोष्टी बऱ्यापैकी शाबूत आहेत असे एका दृष्टिक्षेपात समजते. होकारार्थी भाकित इतके बलवान असण्याचे कारण हेच. परंतु तोल गेला असेल, तर यांपैकी काय गेले हे मात्र त्यावरून समजत नाही. होकार एकाच कारणाने येतो, नकार अनेक कारणांनी येऊ शकतो.

काही रुग्ण आपल्या धडधाकट हातापायांनी स्वतःला बाधित बाजूकडे ढकलतात आणि कोणी सरळ करू गेल्यास विरोध करतात. पॅट्रिशिया डेव्हिस यांनी १९८५ मध्ये या वर्तनाचे वर्णन केले. कार्नाथ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये असे दाखविले, की या रुग्णांना आपले शरीर सुमारे १८ अंशांनी कलले असतानाच ते सरळ उभे आहे असे वाटते. अशा रुग्णाला बर्ग श्रेणीत जवळजवळ शून्य गुण मिळतील; आणि केवळ अशक्तपणामुळे बसू न शकणाऱ्या रुग्णालाही तेवढेच मिळतील. दोघांचे भवितव्य मात्र एक नाही. कोपनहेगन येथील पक्षाघात-अभ्यासात पेडरसन आणि सहकाऱ्यांना १९९६ मध्ये असे आढळले, की असे ढकलणारे रुग्ण इतरांइतक्याच फलितापर्यंत पोचतात. फक्त त्यांना ३·६ आठवडे अधिक लागतात. म्हणजे ‘किती बरा होईल’ आणि ‘केव्हा बरा होईल’ हे प्रश्न परस्परांपासून अलग आहेत. जो अभ्यास ठराविक दिवशी रुग्णालयातून घरी जातानाच्या स्थितीलाच अंतिम फलित मानतो, तो अशा रुग्णावर, तो मार्गात असतानाच, अपयशाचा शिक्का मारतो.

६

आपल्याकडे ही साधने वापरताना आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. वरील अभ्यासांत ‘स्वतंत्रपणे चालणे’ म्हणजे सपाट जमिनीवर दुसऱ्याच्या मदतीशिवाय चालणे. जिना, उतार आणि खडबडीत रस्ता येथे मदत लागली तरी रुग्ण स्वतंत्रच गणला जातो. ज्या घराला उंबरठा आहे, ज्या चाळीत पहिल्या मजल्यावर बिऱ्हाड आहे, ज्या गावात शौचास उकिडवे बसावे लागते, तेथे हे स्वातंत्र्य अपुरे आहे. बर्ग श्रेणीच्या चौदा कृतींत खुर्ची आहे, पायरी आहे. परंतु जमिनीवर मांडी घालून बसणे आणि हातांचा आधार न घेता तेथून उठणे नाही. आपल्या समाजातील असंख्य माणसांचे जेवण, पूजा आणि निजणे जमिनीवर होते. म्हणून ५६ पैकी ५० गुण मिळविणारा रुग्णही घरी गेल्यावर परावलंबी ठरू शकतो. श्रेणी भाषांतरित केल्याने ती आपली होत नाही. आपल्या जीवनपद्धतीतील कृती फलितात घातल्या तरच ती आपली होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनासाठी विषय हवा असेल, तर तो येथे आहे.

पुनर्वसनाची व्यवस्थाही फलितावर परिणाम करते. भारतातील १४ केंद्रांत १२५० रुग्णांवर कुटुंबीयांच्या हातून पुनर्वसन करण्याचा जो मोठा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. नेदरलँड्स किंवा न्यूझीलंडमधील प्रतिमान तेथील सुव्यवस्थित पुनर्वसन गृहीत धरून बसविलेले असते. ते गृहीतकृत्य नसेल, तर ९८ टक्क्यांचे आश्वासन येथील रुग्णाला देणे म्हणजे दुसऱ्याच्या पेढीवर हुंडी काढणे होय.

७

शेवटचा मुद्दा नीतीचा आहे. ग्रहणाचे भाकित केल्याने सूर्याची गती बदलत नाही; परंतु रुग्णाच्या भाकिताने रुग्णाचे भवितव्य बदलू शकते. ‘याला गुण कमी, याच्या बाबतीत फारशी आशा नाही’, असे एकदा कागदावर लिहिले गेले की त्याच्या वाट्याचा उपचार-वेळ दुसऱ्याकडे वळतो. वेळ न मिळाल्याने तो चालत नाही. आणि तो चालला नाही म्हणून भाकित खरे ठरले असे मानले जाते. अशा रीतीने नोंदलेली अचूकता ही अचूकता नसून स्वतःच घडवून आणलेली घटना होय. नवव्या दिवशी दोन्ही गोष्टी न जमलेल्या दहा रुग्णांतही सरासरी एक जण पुढे चालतो. तो एक कोण, हे श्रेणी सांगत नाही. तेव्हा कमी गुण हे उपचार थांबविण्याचे कारण नव्हे. उपचाराचे ध्येय, क्रम आणि कालावधी ठरविण्याचे साधन आहे. काही कुटुंबांना या गुणांवरून घरात कठडा बसविणे, शौचालयाची रचना बदलणे, मदतनीस शोधणे अशी पूर्वतयारी करता येईल. असा उपयोग स्तुत्यच होय.

तात्पर्य, तोलाची परीक्षा ही पक्षाघात-पुनर्वसनातील एक उत्तम निरीक्षणपद्धती आहे. परंतु तिच्या गुणांची बेरीज म्हणजे भविष्यवाणी नव्हे. या विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्याने परीक्षेचा दिवस पक्षाघाताच्या दिवसापासून मोजून निश्चित करावा. फलित आधीच ठरवून घ्यावे आणि त्यात परीक्षेतील कृतींचीच पुनरावृत्ती होऊ देऊ नये. सहसंबंधावर न थांबता किती भाकिते खरी आणि किती खोटी निघाली, हे होकार आणि नकार वेगळे करून सांगावे. आपला नियम निराळ्या रुग्णांवर तपासावा. आणि अर्ध्यावर गळलेल्या रुग्णांचा हिशेब द्यावा. एवढे पथ्य पाळले तर लहानसा अभ्यासही मोलाचा ठरेल. ते न पाळल्यास शेकडो रुग्णांचे आकडे गोळा करूनही हाती फक्त सारण्या राहतील. आणि रुग्णाच्या आप्तांशी बोलताना संभाव्यतेची भाषाच वापरावी. ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असा निकाल देण्याऐवजी, आज काय दिसते, आठवड्याने पुन्हा काय पाहावयाचे आहे आणि तोवर काय करावयाचे आहे, हे त्यांना सांगावे. इतके सांगण्यापुरते ज्ञान या शास्त्राजवळ आज निश्चित आहे, आणि ते थोडे नाही.